भावनांवर दरोडा

चोरी ही विद्या फार जुनी, आणि तिच्यापासून घर राखण्याच्या युक्त्याही तितक्याच जुन्या. पूर्वींच्या चोराला भिंत फोडावी लागे, कुलूप तोडावें लागे, अमावास्येची वाट पाहावी लागे. आणि इतका खटाटोप करूनही घरांतील एखादें म्हातारें माणूस खोकलें कीं त्याला पळ काढावा लागे. म्हणून लोकांनीं भिंती जाड केल्या, कुलुपें भक्कम केलीं, कुत्रीं पाळलीं, रखवालदार नेमले. अलीकडे मात्र असा एक चोर निपजला आहे कीं, ज्याला यांपैकीं कशाचीच अडचण वाटत नाहीं. तो शेंकडों कोसांवर बसतो, भर दिवसां येतो, कधीं अदबीनें तर कधीं दराऱ्यानें बोलतो, आणि तिजोरीची किल्ली घरधन्याच्याच हातानें फिरवून घेतो. त्याला लागणारें हत्यार त्याला बरोबर आणावें लागत नाहीं. तें घरधन्याच्या मनांतच ठेवलेलें असतें. तें हत्यार कोणतें आणि तें त्याच्या हातीं कसें लागतें, याचा विचार करणें आज प्रत्येक घराला आवश्यक झालें आहे.

पिंपरी-चिंचवड शहराच्या पश्चिम अंगास ताथवडें नांवाचें गांव आहे. नृसिंहाचें देऊळ, गुरांच्या पैदाशीचें सरकारी प्रक्षेत्र आणि भोंवतालचीं शेतें, एवढीच एके काळीं त्याची ओळख होती. २००९ सालीं हें गांव महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. एका अंगानें मुंबई-बंगळूर महामार्ग, जवळच हिंजवडीची संगणकनगरी, आणि गांवाच्या कुशींतच अभियांत्रिकीचीं व व्यवस्थापनशास्त्राचीं महाविद्यालयें. त्यामुळें पाहतां पाहतां शेतांच्या जागीं उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतींच्या फाटकावर अष्टौप्रहर पहारा असतो. भाजी किंवा पार्सल घेऊन येणाऱ्या पोरालाही तेथें नांव सांगावें लागतें, आणि वरच्या घरांतून होकार आल्यावांचून त्याला लिफ्टमध्यें पाऊल टाकतां येत नाहीं. परंतु ज्या पाहुण्यापासून घराला खरा धोका आहे, तो त्या फाटकाकडे फिरकतच नाहीं. तो खिशांतल्या मोबाईलमधून थेट निजावयाच्या खोलींत शिरतो. जुन्या गांवांत परका माणूस वेशींत शिरला कीं पारावर बसलेला कोणी तरी वडीलधारा हटकून विचारी, "कोणाकडचे पाहुणे?" त्या एका प्रश्नानें कित्येक लबाडांचे पाय वेशींतूनच माघारीं वळत असतील. आजच्या या पाहुण्याला तो प्रश्न विचारणारा कोणी राहिलेला नाहीं. कारण तो आल्याचें एकाखेरीज दुसऱ्या कोणालाही दिसत नाहीं.

या लुटीचें मान किती आहे हें एका आंकड्यावरून कळून येईल. केंद्र सरकारनें लोकसभेंत दिलेल्या माहितीप्रमाणें सायबर फसवणुकींत भारतीय नागरिकांनीं २०२३ सालीं ७,४६५ कोटि रुपये गमावले होते. २०२४ सालीं हाच आंकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षांत तिपटीहून अधिक! एवढी प्रचंड रक्कम केवळ मूर्ख माणसांनीं गमावली असेल, असें म्हणावयाचें झाल्यास देशांत शहाणें माणूस फारसें उरत नाहीं. फसलेल्यांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, आणि हयात हिशेब तपासण्यांत घालविलेले अधिकारीही आहेत. तेव्हां "असे कसे फसले?" हा जो प्रश्न सहज तोंडावर येतो, तो चुकीच्या जागीं बोट ठेवणारा प्रश्न आहे. ठक माणसाच्या बुद्धीशीं कुस्ती खेळतच नाहीं. तो बुद्धीला वळसा घालून मागच्या दारानें येतो आणि एखाद्या भावनेला नांवानें हांक मारतो. आणि नवल असें कीं, ती भावना बहुधा वाईट नसते. ज्या गुणांवर घर आणि समाज उभा असतो, त्यांपैकींच ती एक असते.

प्रथम भीतीचें उदाहरण घ्यावें. सकाळच्या वेळीं फोन येतो. तुमच्या नांवानें परदेशीं जाणाऱ्या पार्सलांत अंमली पदार्थ सांपडले आहेत, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत, असें सांगण्यांत येतें. मग फोन "वरिष्ठांकडे" दिला जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेशांतील अधिकारी दिसतो. त्याच्या मागें भिंतीवर बोधचिन्ह, मेजावर कागदपत्रें, शेजारीं वायरलेसची खरखर. अटकेचा हुकूम दाखविला जातो. "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्यें आहां, कॅमेऱ्यासमोरून उठावयाचें नाहीं आणि घरांत कोणाला सांगावयाचें नाहीं," असें बजावलें जातें. शेवटीं एक सुटकेची वाट दाखविण्यांत येते: सर्व ठेवी तपासणीसाठीं "सरकारी" खात्यांत जमा कराव्या, निर्दोष ठरतांच त्या परत मिळतील. सरकारनें संसदेंत सांगितलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२४ सालीं या आणि अशाच प्रकारच्या १,२३,६७२ घटनांची नोंद झाली आणि त्यांत १,९३५ कोटि रुपये गेले.

त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत लुधियाना येथील वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यापुढें तर सर्वोच्च न्यायालयाची अख्खी सुनावणीच उभी करण्यांत आली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचें सोंग एका ठकानें घेतलें होतें. ज्या घराण्याचें मूळ गांव चाकणच्याच खेड तालुक्यांतील कनेरसर, आणि ज्यांतील पितापुत्र दोघेही देशाच्या सरन्यायाधीशपदावर बसले, त्या घराण्याचें नांव ठकांनीं मुखवटा म्हणून वापरलें. ओसवाल यांनीं ७ कोटि रुपये पाठविले. पुढें पोलिसांनीं त्यांतील सुमारें सवापांच कोटि हस्तगत केले, हें सुदैव. हजारों कामगारांचा कारभार पाहणारा, आयुष्यभर करारमदार वाचलेला हा गृहस्थ भोळा होता असें कोण म्हणेल?

या सापळ्यांत सांपडतो कोण, याकडे नीट पाहिलें म्हणजे त्याचें मर्म ध्यानांत येतें. सराईत गुन्हेगाराला असा फोन आला तर तो हंसून ठेवून देईल. त्याला पोलिसांची रीत ठाऊक असते. घाबरतो तो सज्जन. ज्यानें जन्मांत पोलिस ठाण्याची पायरी चढलेली नाहीं, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये ही शिकवण ज्याच्या हाडींमासीं खिळली आहे, सरकारी कागद आला कीं जो उभ्या उभ्या वाचतो, त्याच्याच काळजाचा ठोका चुकतो. म्हणजे ठकाच्या उपयोगीं पडते ती भीति कायद्याविषयींच्या आदराची आणि अब्रूच्या चाडेची सावली असते. वस्तुतः भारतीय कायद्यांत डिजिटल अरेस्ट नांवाची गोष्टच नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही व्हिडिओ कॉलवरून कोणास अटक करण्याची तरतूद नाहीं, आणि कोणतेंही न्यायालय वा तपासयंत्रणा चौकशीसाठीं नागरिकाच्या ठेवी आपल्या खात्यांत मागवून घेत नाहीं. एवढें एक सत्य ज्या घरांतील प्रत्येकाला पाठ आहे, त्या घरांत या सोंगाचा अर्धा जीव तेथेंच जातो.

दुसरी भावना ममतेची, आणि तिच्या मुळाशीं असलेल्या एकाकीपणाची. मुंबईंतील ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत २०२५ सालीं उजेडांत आली. फेसबुकवर त्यांची एका स्त्रीशीं ओळख झाली. निदान ती स्त्री आहे असें त्यांना वाटलें. तिनें आपल्या आजारी मुलांसाठीं पैसे मागितले. त्यानंतर दुसरी आली, तिसरी आली, चौथी आली. पहिली वारली असून तिच्या इस्पितळाचें देणें राहिलें आहे, असेंही त्यांना सांगण्यांत आलें. एप्रिल २०२३ पासून सुमारें पावणेदोन वर्षांत त्यांनीं ७३४ वेळां मिळून सुमारें नऊ कोटि रुपये पाठविले. या चौघीही बहुधा एकाच ठकाचीं सोंगें असावीं असा संशय पुढें व्यक्त झाला. ७३४ हा आंकडा वाचतांना प्रथम हंसूं येईल. पण क्षणभर थांबल्यास तें हंसूं ओठांवरच विरेल. सातशेंहून अधिक वेळां कोणी तरी आपली वाट पाहत आहे, कोणाला तरी आपली गरज आहे, असें त्या वृद्ध मनाला वाटलें असलें पाहिजे. खऱ्या जगांत ही गोष्ट त्यांना कितीदां कळविली गेली असेल? ठकानें चोरली ती रक्कम. परंतु विकला तो जिव्हाळा, आणि खोट्या मालाला एवढें गिऱ्हाईक मिळतें तें खऱ्या मालाची टंचाई असते म्हणूनच.

तिसरी भावना आशेची. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षें राबलेला माणूस निवृत्त होतो, तेव्हां भविष्यनिर्वाह निधि आणि ग्रॅच्युइटी मिळून एकरकमी असा पैसा त्याच्या हातीं प्रथमच येतो. महागाई वाढते आहे, व्याज पुरत नाहीं, मुलीचें लग्न किंवा मुलाच्या घराचा हप्ता डोळ्यांपुढें आहे. अशा वेळीं व्हॉट्सॲपवरील एखाद्या "शेअरबाजार मार्गदर्शन" गटांत त्याचें नांव कोणी तरी घालतो. गटांतील शंभर-दीडशें सभासद रोज आपापल्या नफ्याचे आंकडे मिरवितात. हे सभासद बहुतेक ठकाचेच भाडोत्री असतात, हें त्याला कसें कळावें? एक ॲप दिलें जातें. त्यांत त्याचे पन्नास हजार आठवड्यांत सत्तर हजार झालेले दिसतात. खात्री पटावी म्हणून थोडी रक्कम काढूंही दिली जाते. मग तो लाख घालतो, दहा लाख घालतो, ठेवी मोडतो. पडद्यावरचा आंकडा कोटीला टेकतो. आणि तो काढावयास जातां, आधीं कर भरा, मग शुल्क भरा, असा नवा तगादा सुरूं होतो. त्या ॲपांत शेअरबाजाराचा अंशही नसतो. तें केवळ आंकडे रंगविणारें चित्र असतें. यांत लोभ मुळींच नसतो असें नाहीं. परंतु तो लोभ पुष्कळदां मुलाबाळांसाठीं कांहीं तरी मागें ठेवण्याच्या इच्छेचीच वाढलेली फांदी असतो.

हीच आशा तरुणाला दुसऱ्या रूपानें भेटते. ताथवड्यासारख्या ठिकाणीं परगांवांहून शिकावयास आलेलीं मुलें खोल्या करून राहतात. खर्च वाढता आणि घरून येणारा पैसा बेताचा. घरबसल्या हॉटेलांना तारे देण्याचें, चित्रफिती पसंत करण्याचें काम त्यांना टेलिग्रामवरून दिलें जातें. आरंभीं दीडशें-दोनशें रुपये खरोखरच मिळतात, आणि पुढें मोठ्या मोबदल्यासाठीं "अनामत" मागितली जाते. कित्येकांस तर केवळ बँकेचें खातें थोडे दिवस वापरावयास देण्याबद्दल कांहीं हजार रुपये देऊं केले जातात. असें खातें म्हणजे लुटीचा पैसा वाहून नेणारें गाढव होय, आणि तें भाड्यानें देणारा स्वतः गुन्ह्यांत भागीदार ठरतो, हें त्या मुलांना कोणी तरी वेळींच सांगितलें पाहिजे. परदेशांतील भरघोस पगाराच्या नोकरीची जाहिरात हें या आशेचें सर्वांत भयंकर टोक. थायलंडची नोकरी म्हणून निघालेले कित्येक भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरील कुंपणाआडच्या वसाहतींत कोंडले गेले, आणि तेथें त्यांच्याकडून हेंच फसवणुकीचें काम मारहाणीच्या धाकानें करून घेण्यांत आलें. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें वायुदलाच्या विमानांनीं अशा ५४९ जणांना परत आणलें. म्यानमारांत किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियांत सुमारें १ लाख माणसें अशा कामाला जुंपलीं गेलीं असावीं, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयानें २०२३ सालीं प्रसिद्ध केला होता. तेव्हां दुसऱ्या टोकाला गोड बोलणारा तो आवाजही कधीं कधीं तशाच एका आशेला भुललेल्या कैद्याचा असतो.

भीति, ममता, आशा, या तीन भावना एकमेकींहून अगदीं निराळ्या. परंतु त्यांवर चालणारा ठकाचा कारखाना एकाच रीतीचा आहे. त्याला दोन गोष्टी लागतात: घाई आणि एकांत. भावना उसळते तेव्हां ती फार बळकट असते; पण ती फार वेळ टिकत नाहीं. तासाभरानें, एक झोंप झाल्यावर, चहाचा एक पेला पोटांत गेल्यावर तीच गोष्ट निराळी दिसूं लागते. म्हणून ठक तो तासच मिळूं देत नाहीं. "आज रात्रीं साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे महावितरणच्या नांवावर खपविलेले खोटे संदेश मध्यंतरीं सर्वत्र फिरले, त्यांतील खरें विष "आज रात्रीं" या दोन शब्दांत होतें. दुसरी गोष्ट एकांत. भीतीच्या प्रकारांत "हें राष्ट्रीय गुपित आहे" म्हणून तोंड बंद केलें जातें. प्रीतीच्या प्रकारांत "घरच्यांना आपलें नातें समजणार नाहीं" म्हणून. आणि आशेच्या प्रकारांत "ही संधि निवडक लोकांसाठींच आहे" म्हणून. कारण निराळें, हेतु एकच. दुसऱ्या माणसाच्या कानावर गोष्ट जातां कामा नये, कारण जी भावना ऐकणाऱ्याला हलवून सोडते ती शेजारीं बसलेल्या तिऱ्हाइताला हलवीत नाहीं, आणि तो सहज विचारतो, "पण हें बोलतंय कोण?"

तिऱ्हाइताच्या या प्रश्नाचें मोल किती आहे, याचे दाखले अलीकडच्याच काळांत मिळाले आहेत. दक्षिण मुंबईंतील शहाऐंशी वर्षांच्या एका वृद्धेला डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ पर्यंत असेंच कोंडून ठेवण्यांत आलें होतें. दाराला कडी नव्हती, पहारा नव्हता. कोंडलें होतें तें केवळ फोनवरच्या आवाजानें. वीस कोटींहून अधिक रक्कम तोंवर निघून गेली होती. आजीबाई दिवसभर खोलींत बसतात, जेवणापुरत्या बाहेर येतात, आंत कोणाशीं तरी मोठ्यानें बोलतात, हें ध्यानांत आलें तें घरकाम करणाऱ्या बाईच्या. तिनें तें मुलीला सांगितलें आणि मग या प्रकाराला वाचा फुटली. नोव्हेंबर २०२४ मध्यें हैदराबाद येथें स्टेट बँकेच्या एका शाखेंत एक ज्येष्ठ गृहस्थ घाईघाईनें मुदत ठेव मोडावयास आले. तेथील कर्मचाऱ्यांना त्यांची घालमेल दिसली. त्यांनीं चौकशी केली, घाई होऊं दिली नाहीं, आणि त्या गृहस्थांचे तेरा लाख रुपये वांचले. घरकामाची बाई आणि बँकेचा कारकून यांच्याजवळ संगणकशास्त्राचें कोणतें विशेष ज्ञान होतें? त्यांच्याजवळ होती ती एवढीच गोष्ट कीं, त्यांनीं दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलें.

ठकाला आणखी एक साथीदार मिळतो, आणि तो दुर्दैवानें पुष्कळदां घरांतलाच असतो. तो म्हणजे लज्जा. फसल्याचें कळल्यावर माणसाला प्रथम पैसा आठवत नाहीं. त्याला आठवतात तीं आतां हंसणारीं तोंडें. "एवढे शिकलेले, आणि असे कसे फसले?" हें वाक्य कानीं पडूं नये म्हणून तो गप्प बसतो, कर्ज काढून खड्डा बुजवूं पाहतो, आणि अनेकदां "गेलेले पैसे परत मिळवून देतों" म्हणणाऱ्या दुसऱ्या ठकाच्या हातीं सांपडतो. पुण्यांत २०२५ सालीं ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त शासकीय अधिकाऱ्याची आयुष्याची १ कोटि १९ लाखांची पुंजी अशाच खोट्या अटकेच्या धाकानें गेली. मुली परदेशांत, घरीं दोघेंच वृद्ध पतिपत्नी. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्या गृहस्थांचें निधन झालें, आणि तक्रार नोंदविण्याची वेळ आली ती त्यांच्या पत्नीवर. जो घाव पैशाच्या आंकड्यांत मोजतां येत नाहीं, तो असा असतो.

लज्जेनें होणारी हानि केवळ मनाची नसते, ती धनाचीही असते. कारण या गुन्ह्यांत वेळ हेंच धन आहे. पाठविलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यांत कांहीं मिनिटांत फांकते आणि शेवटीं रोकड होऊन किंवा आभासी चलनाच्या रूपानें देशाबाहेर जाते. ती वाटेंत असतांनाच अडविण्यासाठीं सरकारनें २०२१ सालीं बँकांना पोलिसांशीं जोडणारी एक व्यवस्था उभी केली. १९३० या क्रमांकावर तक्रार होतांच पैसा जेथें पोंचला असेल तें खातें गोठविण्याचा निरोप त्या त्या बँकेला जातो. केंद्र सरकारनें दिलेल्या माहितीप्रमाणें जुलै २०२५ पर्यंत या मार्गानें सुमारें साडेपांच हजार कोटि रुपये वांचविण्यांत आले. परंतु ही व्यवस्था धांवूं शकते ती फोन आल्यावर. आणि ज्या घरांत फसलेला माणूस चार दिवस तोंड लपवून बसतो, तेथें ती चार दिवस उशिरां धांवते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणांत या खोट्या अटकेबद्दल देशाला सावध केलें आणि थांबणें, विचार करणें व कृति करणें अशा तीन पायऱ्या सांगितल्या. हरियाणांतील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या फसवणुकीची सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर रोजीं देशभरांतील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोंपविला. राज्यसत्ता आपल्या परीनें जागी होत आहे. परंतु सत्ता कितीही जागी झाली तरी बंद खोलींत एकट्या माणसाच्या कानाशीं लागलेल्या फोनपर्यंत तिचा हात वेळेवर पोंचणें अवघडच. तेथें पोंचूं शकतो तो घरच्या माणसाचा हात.

म्हणून या रोगावरील औषध शेवटीं घरांतच कुटावें लागणार आहे. भीतीचा, ममतेचा किंवा मोठ्या लाभाचा कोणताही निरोप आला कीं फोन खालीं ठेवावा आणि ज्याच्या नांवानें तो आला त्याला पूर्वींपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. मुलाचा किंवा नातवाचा आवाज यंत्रानें हुबेहूब काढतां येऊं लागला आहे. तेव्हां घरच्या माणसांनीं एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, आणि अडचणींत पैसे मागणाऱ्यानें तो सांगितल्यावांचून पैसे पाठवूं नयेत. ठेव मोडावयाची, मोठी रक्कम पाठवावयाची, तर ती एका रात्रीची झोंप झाल्यावर आणि दुसऱ्या एका माणसाला सांगूनच, असा घराचा दंडकच असावा. "कोणाला सांगूं नका" हे शब्द ऐकतांच तें सांगण्याची वेळ आली असें समजावें. परदेशांतील मुलांनीं आईवडिलांना दरमहा पैसे पाठविणें चांगलें. परंतु त्यांना रोज पांच मिनिटें बोलावयास मिळणें हें त्यांच्या पैशाचेंही अधिक चांगलें रक्षण आहे. ताथवड्याच्या एखाद्या इमारतींत एकाच मजल्यावर राहणाऱ्या चार घरांनीं एकमेकांचीं नांवें, एकमेकांच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे ओळखणें, हाही फाटकावरच्या पहाऱ्याइतकाच आवश्यक पहारा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, चुकलेल्या माणसाला घरीं परत येण्याची वाट मोकळी असली पाहिजे. ज्या घरांत बशी फुटली म्हणून पोराला मार बसतो, तेथें पोर तुकडे लपवावयास शिकतें आणि ते तुकडे पुढें कोणाच्या तरी पायांत रुततात. वडील फसले, आई फसली, कॉलेजांतला मुलगा फसला, तर त्या क्षणीं घरानें विचारावयाचा प्रश्न "असे कसे फसलांत?" हा नव्हे. "केव्हां झालें, आणि पैसे कोणत्या खात्यांत गेले?" एवढेंच विचारावें, आणि १९३० हा क्रमांक फिरवावा. रागाला, शहाणपणाला, उपदेशाला पुढें अख्खें आयुष्य मोकळें आहे. पैसा अडविण्यास मात्र एखादाच तास असतो.

माणसानें भिणें सोडावें, दया सोडावी, आशा सोडावी, असें या ठकांच्या निमित्तानें कोणीं सांगूं लागल्यास तो उपाय रोगाहून वाईट ठरेल. कायद्याचा आदर करणारा, दुसऱ्याच्या लेकराच्या आजारानें हेलावणारा, मुलांसाठीं चार पैसे मागें ठेवूं पाहणारा माणूस समाजाला हवाच आहे. त्याच्या या गुणांना एकटें सोडूं नये, एवढेंच मागणें आहे. ज्या घरांत एकानें ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला निर्धास्तपणें सांगतां येते, त्या घरांत पारावरच्या म्हाताऱ्याचा तो जुना प्रश्न अजून जिवंत आहे; आणि जेथें तो विचारला जातो, तेथें बिनबोलावलेल्या पाहुण्याला फार वेळ थांबणें जड जातें.